ओठ उचलून दाखवू नका

गेल्या तीस-बत्तीस वर्षांत मी सगळ्यांत जास्त वेळा कुठलं वाक्य बोलले असेन, तर 'ओठ उचलून बघू नका.' त्याच्या खालोखाल 'मशेरी म्हणजे तंबाखूच.' दोन्ही वाक्यांचा काडीचाही उपयोग झालेला नाही. मनगट पहिल्यासारखं साथ देत नाही म्हणून सर्जरी बंद करून मला दीड वर्ष झालं. नेरूळच्या दवाखान्यात आता मी फक्त तपासते आणि सल्ले देते. सल्ले आधीही देतच होते, ऐकणारं कोणी नव्हतं एवढंच.

मी तोंडाची आणि जबड्याची सर्जन. लोक 'दातांची डॉक्टर' म्हणतात आणि ते दुरुस्त करायचं मी केव्हाच सोडून दिलंय. सोसायटीच्या सत्यनारायणाला माणसं माझ्यासमोर शिऱ्यासकट आ करतात आणि 'मॅडम, ही दाढ जरा बघता का' म्हणतात. मी बघते. न बघून सांगते कोणाला!

माझं खरं काम हाडाचं. दात गेला की त्याच्या भोवतीचं हाड हळूहळू झिजून जातं. कधी मुळाशी गाठ होते, कधी पू होतो, कधी पामबीच रोडवर रात्रीची मोटरसायकल घसरते, आणि जबड्यात खड्डा पडतो. तिथे नवे पक्के दात बसवायचे तर स्क्रू रोवायला हाड हवं. हाड परत येऊ शकतं, पण त्याचा वेग सरकारी कामाचा. हिरडीचं मांस मात्र आठवड्याभरात येतं आणि मोकळी जागा बळकावून बसतं. एकदा ते आत घुसलं की हाडाला जागाच उरत नाही. मोकळ्या प्लॉटचं काय होतं हे नवी मुंबईत राहणाऱ्याला वेगळं सांगायला नको. म्हणून आपण पत्र्याचं कुंपण घालतो. आमचं कुंपण म्हणजे पडदा. दोन पेरांएवढा, ओल्या कागदासारखा, कडांना बारीक खिळ्यांनी बसवलेला. पडद्याच्या आत हाडाचे दाणे भरायचे, वरून हिरडी ओढून टाके घालायचे आणि सहा-आठ महिने थांबायचं. आत हाड तयार होतं, पडदा आपोआप विरून जातो. अट एकच, टाके तुटता कामा नयेत. पडदा उघडा पडला की लाळ आत जाते, लाळेबरोबर जंतू जातात आणि सगळं मुसळ केरात. म्हणून ते पहिलं वाक्य.

पण पेशंटला आरसा दिसला की हात ओठाकडे जातोच. शिकलेले, न शिकलेले, सगळे सारखे. एका इंजिनिअरनं रोज सकाळी ओठ ताणून फोटो काढले आणि दहाव्या दिवशी मला ते सगळे ओळीने दाखवले. दर फोटोत टाका थोडा थोडा सैल होत गेलेला दिसत होता. 'बघा, प्रॉब्लेम नेमका चौथ्या दिवशी सुरू झाला,' असं त्यानं मलाच समजावून सांगितलं.

मग स्टेम सेल. हा शब्द बाजारात आल्यापासून माझ्या डोक्याला ताप झाला. स्टेम सेल म्हणजे अजून कोण व्हायचं ते न ठरलेल्या पेशी. त्यांच्यापासून हाडही होऊ शकतं. आपल्या हाडांच्या मज्जेत त्या असतात. कमरेच्या हाडातून मज्जा काढून, त्यातल्या पेशी वेगळ्या करून जबड्यात घालायचे प्रयोग चालू आहेत. मी कॉलेजात शिकवायचे तेव्हा तशा एका प्रयोगात मीही होते. कधी छान हाड आलं, कधी काहीच आलं नाही, आणि असं का ते आम्हाला नीट सांगता आलं नाही. हे मी पेशंटला जसंच्या तसं सांगते तेव्हा त्याचा चेहरा पडतो. त्याला फॉरवर्डमध्ये आख्खी बत्तिशी उगवलेली दिसलेली असते.

बेलापूरच्या एका सरकारी कचेरीतले गृहस्थ मुलीचे दुधाचे दात कुंकवाच्या करंड्यात घालून घेऊन आले होते. मुलगी तेव्हा बारावीला होती. म्हणाले, 'यातनं माझी खालची दाढ उगवून द्या.' मी सांगितलं, दात पडल्या पडल्या खास द्रवात घालून गोठवला तरच त्यातल्या पेशींचं काही होऊ शकतं, आणि तेही अजून प्रयोगातच आहे. हे दात वाळून कोरडे झालेत, यात जिवंत काही उरलेलं नाही. त्यांनी करंड्याचं झाकण लावलं. मग म्हणाले, 'तसं लेखी द्याल का? सही-शिक्क्यासह?' दिलं. दुधाच्या दातांचं मृत्यू प्रमाणपत्र देणारी मी महाराष्ट्रातली पहिली डॉक्टर असेन.

हे सगळं मी हसून सांगते आहे खरी, पण तेव्हा हसू येत नव्हतं. तेव्हा माझं ठाम मत होतं की जगात दोनच गोष्टी चुकतात, एक पेशंट आणि दुसरे पेशंटचे नातेवाईक. हिराबाय आली तेव्हाही माझं हेच मत होतं.

तिच्या आधी मुकादम सरांबद्दल सांगायला हवं. उरणकडचे निवृत्त शिक्षक, स्वच्छ पांढरी दाढी, पायात पॉलिश केलेल्या चपला. ऑपरेशनच्या खुर्चीत बसल्यावर त्यांनी शांतपणे विचारलं, 'डॉक्टर, हा पडदा कशापासून बनतो?'

मी म्हटलं, 'कोलॅजेन. एक प्रकारचं प्रथिन.'

'ते कळलं. पण कोणाचं?'

मी खोका उलटा केला. बारीक इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं होतं, डुकराच्या कातडीपासून. ते वाक्य मी शेकडो वेळा पाहिलं होतं, वाचलं कधीच नव्हतं. सर रागावले नाहीत. म्हणाले, 'मग माझ्यासाठी दुसरं काही बघा, घाई नाही.' मी शोधाशोध केली तेव्हा कळलं की माशाच्या कातडीपासून केलेला पडदाही मिळतो. सरांना फोन केला. ते हसले. 'कोकणातला माणूस मी, माशाला कधी नाही म्हटलंय?' त्यांचं काम झकास झालं.

त्या दिवसापासून मी नियम केला, पेशंटला आधी विचारायचं. आणि तो मी पाळलाही, माझ्या पद्धतीने. मुसलमान पेशंट आला की विचारायचे. जैन आडनाव दिसलं की विचारायचे. ज्यांना विचारायची गरज नाही असं मला वाटायचं, त्यांना विचारत नव्हते.

हिराबाय नेरूळजवळच्या शिरवणे गावची. वय साठीच्या आसपास, नऊवारी, कानात जुन्या वळणाची सोन्याची फुलं. तिचा मुलगा नरेश तिला घेऊन आला. वडिलांची शेती शहर वसवताना गेली, उरलेल्या जागेत याने चाळी बांधल्या, खोल्या भाड्याने दिल्या. चांगला, गडबड्या माणूस. आईच्या वरच्या पुढच्या चार दातांच्या मुळाशी मोठी गाठ होती. मी गाठ काढली, त्याबरोबर दात गेले. ओठ आत बसला आणि मागे राहिला तो खड्डा.

अशा वेळी पुष्कळ बायका 'आता काय, वय झालं' म्हणून काढघाल करायची कवळी घेतात आणि विसरून जातात. जखम भरल्यावर काही महिन्यांनी ती परत आली तेव्हा मीही तिला तेच सुचवलं. हिराबाय म्हणाली, 'कवली नको. मी धवलारीन हाय.'

मी मूळची साताऱ्याकडची, नवी मुंबईत येऊन इतकी वर्षं झाली तरी मला हा शब्द माहीत नव्हता. नरेशनं सांगितलं. आगऱ्यांच्या लग्नात धवळे म्हणणारी बाई असते. मांडव उभारताना, हळद लावताना, प्रत्येक विधीला तिचं गाणं लागतं. ती नाव घेऊन घेऊन देवांना, गावदेवीला, घरातल्या गेलेल्या माणसांना लग्नाला बोलावते. ती म्हणेपर्यंत काम पुढे सरकत नाही. हिराबाय हे काम तिशीपासून करत होती. शिकवलं सासूनं.

'दात गेल्यापासून देवाचा नाव फुसका येतंय,' ती म्हणाली. 'स म्हनाला जातंय तं वारा जातंय.'

कवळी तिनं मधल्या काळात दुसरीकडून करून घेऊन लावून पाहिली होती. तळोज्याच्या एका लग्नात लांब सूर लावताना ती निसटली आणि तिनं पदरात झेलली. पोरं हसली. त्याच्या पुढच्या लग्नात त्या घरच्यांनी मोबाईलवरचे धवळे स्पीकरला लावले आणि हिराबायला मानाने खुर्चीवर बसवलं. हे सांगताना ती माझ्याकडे नाही, समोरच्या बेसिनकडे बघत होती. 'माजी नात हाय, रोशनी. तिचा लगीन पुढल्या वर्साला. तिच्या लग्नाला पेटीतला बाजा नाय लावाचा मना.'

मी हिशेब मांडला. आता हाड भरलं, तर सात-आठ महिन्यांनी स्क्रू, मग तीन-चार महिन्यांनी पक्के दात. लग्न चौदा महिन्यांनी, वैशाखात. काही बिघडलं नाही तर जेमतेम जमेल, असं मी सांगितलं. काम जमवायचंच असं मी ठरवलं, आणि मला वाटतं तिथेच माझ्या डोक्यात घाई शिरली.

मशेरीवरून आधी आमचं भांडण झालं. व्यसन काही आहे का, या प्रश्नाला नरेशनं 'काय पन नाय' असं उत्तर दिलं होतं. हिराबायची बोटं बघूनच मला कळलं. मी म्हटलं, 'मशेरी लावता ना?'

'ती तं लावतंय.'

'मग व्यसन नाही कसं म्हणालात?'

'मशेरी म्हंजे येसन नाय बाय. दात घासतंय मी.'

'कुठले दात?' मी ओरडले. ती खो खो हसली. पण सोडली तिनं मशेरी. दोन महिने आधी सोडली, डोकं दुखायचं, चिडायची, तरी सोडली. माझ्या आयुष्यात ऐकणारे जे दोन-तीन पेशंट झाले त्यांत ती एक, हे मला नंतर उमगलं.

ऑपरेशनच्या आधी संमतीपत्र. ते मी स्वतः तयार केलेलं, नऊ पानी, अस्सल इंग्रजीत, वकिलाला दाखवून घेतलेलं. त्यात सहाव्या पानावर प्राण्यांपासून मिळवलेल्या घटकांबद्दल एक ओळ होती. नरेशनं न वाचता सही केली. हिराबायनं मराठीत नाव लिहिलं, सावकाश, एकेक अक्षर. तिनं विचारलं, 'काय लावनार तू आत?' मी हातमोजे चढवत म्हटलं, 'हाडाची पावडर आणि वरून एक पडदा. काळजी करू नका, उत्तम प्रतीचं आहे.' खड्डा मोठा होता, त्यात माशाचा पडदा लवकर विरतो असा माझा अनुभव, म्हणून मी गाईगुरांपासून केलेले दाणे आणि पडदा वापरायचं ठरवलं होतं. आगरी माणसं, मासे-मटण खाणारी, यांना काय विचारायचं, हा विचारही मी केला नाही. विचार न करण्याइतकं मला ते पक्कं माहीत होतं.

ऑपरेशन देखणं झालं. निघताना माझं वाक्य मी तिला तीनदा सांगितलं, नरेशला दोनदा सांगितलं आणि कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून दिलं, ओठ उचलून बघू नका, दाखवू नका.

पंधराव्या दिवशी ती आली. मी ओठ हळूच वर केला आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मधले टाके सुटले होते, हिरडी फाकली होती, आणि पांढरा पडदा नखाएवढा उघडा पडून माझ्याकडे बघत होता.

'काय केलंत?'

नरेश चुळबुळला. 'मॅडम, ते बघायला येत व्हते ना लोक. आमच्यात कोन आजारी पडला तं सगली भावकी येते. नारल, केली, बिस्कुटं घेऊन. मंग आय दाखवायची.'

'काय दाखवायची?'

'तोंड.'

'किती जणांना?'

नरेश मनातल्या मनात मोजायला लागला. मी म्हटलं, राहू दे. मग जे बोलले ते सगळं इथे लिहिण्यासारखं नाही. मी एवढी वर्षं कशासाठी घसा फोडते आहे, दोन तास मान मोडून केलेलं काम तुम्ही शिरवण्यात प्रदर्शनाला ठेवलंत, तुमच्या नातीचं लग्न आहे का माझ्या, असं बरंच. बाहेर बसलेल्या पेशंटांनी टीव्हीचा आवाज कमी केला होता, असं सिस्टरनं मला नंतर सांगितलं.

हिराबाय खुर्चीत पडल्या पडल्या ऐकत होती. माझं संपल्यावर उठून बसली आणि पदराने तोंड पुसलं.

'तू बोललीस ती बराबर हाय,' ती म्हणाली. 'पन मी तरी काय करू? येल ती इचारतंय, काय लावलाय तुज्या तोंडात? मना कुठं म्हाईत हाय? तू मना सांगलाच नाय. सांगता आला नाय म्हनून ओट उचलून दावला.'

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. जसं झालं तसं ती सांगत होती. मी काही बोलायच्या आत तिनं विचारलं, 'आथा सांग. काय लावलाय?'

नरेश हुशार माणूस. त्याला काय वाटलं कोण जाणे, तो चटकन मध्ये पडला. 'मासलीचा आसल, ना मॅडम? मी मोबाईलवर वाचलाय, मासलीचा पन येतंय. सांगा तिला.' आणि त्याने आईच्या पाठीमागून मला मान हलवून दाखवली.

खरं सांगते, 'हो' माझ्या जिभेवर आलं होतं. 'हो' म्हटलं असतं तर काहीच बिघडलं नसतं. उघडा पडलेला पडदा जपता येतो. औषधाच्या चुळा, मऊ खाणं, आठवड्याला तपासणी, अर्धंअधिक हाड वाचलं असतं. लग्नापर्यंत दात झाले असते. कोणाला कधी कळलं नसतं. खोका कचऱ्यात गेला होता, कागद इंग्रजीत होता. पण ती माझ्या तोंडाकडे बघत होती, अगदी जवळून, आणि तिनं विचारलेल्या साध्या प्रश्नाला मी एकदा उडवून लावलं होतं. दुसऱ्यांदा तोंड उघडून खोटं बोलायची माझी छाती झाली नाही.

'गाईचं आहे,' मी म्हटलं. 'गाईगुरांच्या हाडाचे दाणे. पडदाही त्यांच्यापासूनच.'

नरेशनं डोक्याला हात लावला. मी भराभर समजवायला लागले, दाणे भट्टीत भाजतात, त्यातलं मांस, रक्त, सगळं जळून जातं, उरतो तो निव्वळ चुना म्हणा, खडूसारखा, त्यात गाईचं असं काही राहत नाही.

'तसा आसल,' ती म्हणाली. 'पन आथा मना म्हाईत झालाय ना. गायच्या शेनानं सारवल्याबिगर मी पाटावर बसत नाय. तिथं बसून देवाला हाक मारतंय. न तोंडात तीच?' मग थोड्या वेळाने, 'आदी सांगतीस तं मी नको म्हनली आसती. येवढाच व्हता.'

'आता काय करायचं?'

'काड.'

मी पुष्कळ सांगितलं. आत्ता काढलं तर आहे ते हाडही थोडं जाईल, हिरडी भरायला महिने लागतील, मग पुन्हा पहिल्यापासून. लग्नापर्यंत दात होणार नाहीत, कोणत्याही हिशेबानं नाही. ती सगळं ऐकून घेत होती. नरेश तर अक्षरशः हात जोडून उभा होता. ती त्याला म्हणाली, 'तू गप बस. तुला धवला गावं नाय लागत.'

चार दिवसांनी मी ते काढलं. दाणे सुटे होते, चमच्याने खरवडून निघाले. आयुष्यात मी हजारो वेळा तो चमचा धरला असेन, पण स्वतः चांगलं केलेलं काम स्वतः उकरून काढायची वेळ तेव्हाच आली. राग कोणावर काढायचा हा प्रश्न होता. तिच्यावर काढता येत नव्हता, नरेशवर थोडा काढला. उरलेला नऊ पानी कागदावर काढला. फाडून टाकला आणि एका पानाचा मराठी केला. वकिलाला दाखवला नाही. आता प्रत्येक पेशंटला मी वाचून दाखवते, नाव-आडनाव न बघता. त्यात वेळ जातो, पेशंट कंटाळतात, जांभया देतात, कित्येक जण 'मॅडम, तुम्ही लावा हो काय ते' म्हणतात. मी चिडते आणि परत पहिल्या ओळीपासून वाचते.

रोशनीचं लग्न वैशाखात झालं. मला आमंत्रण होतं, मी गेले नाही. धवळे स्पीकरवर लावले होते असं नरेशनं सांगितलं. हिराबाय पाटावर बसली, अक्षता टाकल्या, तोंड उघडलं नाही. मी 'हं' म्हटलं आणि फोन ठेवला. डॉक्टरकीत पेशंटचं काही वाईट झालं की आपण त्याला 'गुंतागुंत' म्हणतो आणि फायलीत लिहितो. ही गुंतागुंत मी कुठल्या फायलीत लिहिणार होते?

ती आता परत येणार नाही असं मी धरून चालले होते. लग्न होऊन गेलं, आता कशासाठी येईल? जूनमध्ये ती एकटीच रिक्षानं आली. समोर बसली आणि म्हणाली, 'आथा सांग, काय काय लावशील?'

मी सांगितलं. तासभर लागला. तिच्याच खालच्या जबड्याच्या मागच्या कोपऱ्यातलं थोडं हाड काढायचं, त्याचे दाणे करायचे. त्यात तिच्याच जिवंत पेशी, हाड घडवणाऱ्या. ज्या स्टेम सेलसाठी लोक पेपरातली कात्रणं घेऊन येतात त्यातल्याही थोड्या, फुकटात, आपल्या जागच्या. तिच्या दंडातलं रक्त घ्यायचं, यंत्रात फिरवून त्याचा चिकट गोळा करायचा, तो दाण्यांत मिसळायचा. वरून पडदा माशाचा.

'कंची मासली?'

मला माहीत नव्हतं. मी तिच्यासमोर कंपनीला फोन लावला. तिकडच्या माणसाला हा प्रश्न आजवर कोणी विचारला नव्हता. त्याने अर्धा तास घेतला आणि गोड्या पाण्यातल्या कुठल्याशा माशाचं इंग्रजी नाव सांगितलं. हिराबायनं नाक मुरडलं. 'तल्यातली. आमी खात नाय ती, चिखलाचा वास येतंय. पन चालंल.' मग तिला आठवलं. 'सोमवारचा?'

'सोमवारचं काय?'

'सोमवारी मासली नाय चालत आमच्यात.'

'अहो, तुम्ही ती खाणार नाही, ती आत टाक्यांखाली असणार!'

तिनं विचार केला. 'मंग लावाची बुधवारी. बुधवारी लावली का मंग तिची ती हाय.'

लागलं नाही तर काय, हेही तिनं विचारलं. मी सांगितलं, तर पुन्हा खड्डा, आणि मग माझ्याकडे दुसरा उपाय नाही. तिनं मान हलवली आणि एका पानावर नाव लिहिलं.

बुधवारी ऑपरेशन केलं. मनगट तेव्हाच कुरकुरत होतं, माझ्या शेवटच्या मोठ्या कामांतलं ते एक. पंधराव्या दिवशी ती आली तेव्हा माझा हात ओठ वर करायला धजत नव्हता. एकही टाका हलला नव्हता. बघायला कोणी आलं नाही का, असं मी विचारलं. 'आली ना. सगली आली. पन या टायमाला मी सांगली.' तिच्या सांगण्यात तळ्यातला मासा आणि फिरवलेलं रक्त कुठवर पोचलं असेल ते देव जाणे. त्यानंतर शिरवण्याच्या तीन बायका माझ्याकडे 'हिराबायला लावला तो' मागायला आल्या. त्यातल्या दोघींचे दात ठणठणीत होते.

हाड पूर्ण आलं नाही, बेताचं आलं. चारऐवजी दोन स्क्रू बसले, त्यावर चार दात. ज्या दिवशी ते पक्के बसवले त्या दिवशी ती रोशनीला घेऊन आली. रोशनी ऐरोलीच्या ऑफिसातून तशीच आलेली, गळ्यात कंपनीचं कार्ड. मी चावा तपासला, कागद चावायला दिला, उंच भाग घासले. मग म्हटलं, 'काहीतरी म्हणून दाखवा. स, त, फ, नीट येतात का बघू.'

'धवला आसा रिकामा नाय म्हनत,' हिराबाय म्हणाली. 'लगीन लागतंय त्याला.'

'मग स-सशाचा म्हणा.'

ती म्हणाली नाही. खुर्चीतून उतरली, रोशनीला दंडाला धरून तिथे बसवलं, पेशंटच्या खुर्चीत, डोळ्यांवर दिवा तसाच चालू. तिच्या डोक्यावरून ओढणी नीट केली. रोशनी म्हणाली, 'आजी, अगं इथं?' तर म्हणाली, 'तुजा लगीन झाला. माजा म्हनाचा रायलाय.'

आणि तिनं सुरुवात केली. हातात काही नाही, डोळे मिटलेले, एक हात नातीच्या डोक्यावर. मी बेसिनकडे वळून हात धुवायला लागले आणि धुतच राहिले. बाहेर पुढचे दोन पेशंट खोळंबले होते, सिस्टर दारात येऊन उभी राहिली आणि परत गेली नाही. वीस मिनिटं चाललं. मधेच ती थांबून रोशनीच्या गालावरून बोट फिरवायची आणि पुढचं नाव घ्यायची. कोणाकोणाला बोलावत होती ते तिला ठाऊक.

मला त्यातला एक शब्द कळला नाही. स मात्र सगळे स्वच्छ होते.